दरसाल एक किलोमीटर: शेतीच्या प्रसाराचे गणित आणि आपला माळवा

महेश्वरच्या घाटावरून पलीकडे, नर्मदेच्या दक्षिण काठावर दिसते ती नावडाटोली. पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांनी १९५० च्या दशकात तिथली पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीचे टेकाड, खणली, तेव्हा गहू अगदी तळच्या थरापासून मिळाला. तांदूळ मात्र वरच्या थरांतला. खुद्द इंदुरात आझादनगरलाही ताम्रपाषाणयुगीन वस्ती निघाली आहे. गहू मूळचा पश्चिम आशियाचा. मग तो माळव्यापर्यंत किती वेगाने आला? आणि पेरणारी माणसे सरकत आली, की बियाणे फक्त हातोहात पुढे गेले?

या प्रश्नाला लावले जाणारे गणित मुळात शेतीसाठी मांडलेलेच नव्हते. १९३७ साली संख्याशास्त्रज्ञ आर. ए. फिशर यांनी एखादे लाभदायक जनुक लोकसंख्येत कसे पसरते, याचे समीकरण मांडले. त्याच वर्षी रशियन गणिती कोल्मोगोरोव, पेत्रोव्स्की आणि पिस्कुनोव यांनीही तेच समीकरण स्वतंत्रपणे सोडवले. जिथे वाढ आणि भटकंती दोन्ही चालू असतात, तिथे ठरावीक वेगाने पुढे जाणारी लाट तयार होते: वेग = २ × √(वाढीचा दर × विसरण गुणांक). विसरण गुणांक म्हणजे माणसे किती झपाट्याने विखुरतात याचे माप. १९७१ मध्ये पुरातत्त्वज्ञ ॲल्बर्ट ॲमरमन आणि जनुकशास्त्रज्ञ लुका कावाल्ली-स्फोर्झा यांनी युरोपातल्या जुन्या शेतकरी वस्त्यांच्या कार्बन-१४ तारखा (सेंद्रिय अवशेषातल्या किरणोत्सारी कार्बनवरून काढलेले वय) अंतरासमोर मांडल्या. वेग निघाला वर्षाला सुमारे १ किलोमीटर. लाटेचे समीकरण त्यांनी मग या आकड्याला लावले.

आकडे घालून पाहू. रिकाम्या बेटांवर वसलेल्या लोकांच्या नोंदींवरून वाढीचा दर वर्षाला ०.०३२ धरतात. इथिओपियातल्या मजांगिर शेतकऱ्यांच्या स्थलांतरावरून एका पिढीत माणूस जितका दूर सरकतो, त्या अंतराच्या वर्गाची सरासरी १५४४ चौरस किलोमीटर येते. पिढी २५ वर्षांची. पृष्ठभाग द्विमितीय असल्याने १५४४ ला ४ × २५ ने भागायचे. विसरण गुणांक १५.४४. सूत्रातून वेग १.४ किलोमीटर येतो, म्हणजे प्रत्यक्षापेक्षा बराच जास्त. चूक कुठे आहे, हे १९९९ मध्ये जोआकिम फोर्ट आणि व्हिसेंच मेंडेझ यांनी दाखवले. फिशरच्या समीकरणात जन्मलेले मूल पहिल्या दिवसापासून पसरू लागते. खरे मूल मोठे होईपर्यंत आईबापांपाशीच राहते. हा विलंब धरला की वेगाला १ + (०.०३२ × २५ ÷ २), म्हणजे १.४ ने भागावे लागते, आणि उत्तर येते १.०. या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत सुंदर दुरुस्ती आहे.

पण सूत्र नेटके असले, तरी तारखा तितक्या नेटक्या नसतात. २००५ मध्ये ७३५ स्थळांवरून केलेल्या हिशेबातही वेग ०.६ ते १.३ असा पसरटच आला. अंतर सरळ रेषेत मोजले की समुद्र-डोंगर टाळून, आणि तारखेवरून अंतर काढले की अंतरावरून तारीख, यानेही उत्तर हलते.

भारतीय उपखंडाकडे येणाऱ्या वाटेचा वेग कविता गंगल आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये वर्षाला सुमारे ०.६५ किलोमीटर काढला. त्या वाटेवरचे महत्त्वाचे ठाणे बलुचिस्तानातले मेहरगढ. २०२५ मध्ये दातांच्या इनॅमलवरून तिथल्या जुन्या दफनांचे नवे कालमापन झाले, आणि मेहरगढची सुरुवात इ.स.पू. ५२०० च्या आसपास सरकली. आधी ती ७००० किंवा त्याहून जुनी धरत. ठाण्याची तारीख जवळजवळ दोन हजार वर्षांनी बदलली की हिशेबही नव्याने करावा लागतो.

शिवाय माणसे आलीच, असेही धरता येत नाही. हरियाणातल्या हडप्पाकालीन राखीगढीच्या एका स्त्रीच्या सांगाड्यातला डीएनए वसंत शिंदे आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. तिचे पूर्वज इराणच्या पूर्वजांशी नात्यातले, पण ती शाखा तिकडे शेती सुरू होण्याआधीच वेगळी झालेली. युरोपात अनातोलियाचे (आजच्या तुर्कस्तानातले) शेतकरी स्वतः सरकत गेले, हे प्राचीन डीएनएने दाखवले आहे. युरोपचा १ किलोमीटर इकडे जसाच्या तसा लावू नये, तो यासाठीच.

आता माळव्यापुरते बोलू. माळवा संस्कृतीची, म्हणजे इथल्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची, मडकी नावडाटोलीपासून भीमेच्या खोऱ्यातल्या इनामगावापर्यंत सापडतात. सरळ अंतर साधारण ४०० किलोमीटर. इनामगावची सुरुवात इ.स.पू. १६०० च्या सुमाराची. नावडाटोलीची सुरुवात कोणी २००० धरतात, कोणी १७००. पहिली धरली तर वेग १ किलोमीटर, दुसरी धरली तर ४. एका तारखेने चौपट फरक! नावडाटोलीच्या तारखा जुन्या पद्धतीने कोळशावर काढलेल्या आहेत. कोळसा जुन्या झाडाच्या गाभ्याचा असेल, तर तारीख वस्तीपेक्षा जुनी येते. त्यात आपली काळी माती उन्हाळ्यात खोल भेगाळते, आणि वरचा दाणा भेगेतून खालच्या थरात जातो. थर जुना म्हणून दाणाही जुना, असे इथे मानता येत नाही. म्हणून तारीख जळक्या दाण्याचीच काढावी लागते. कार्बन-१४ चे अणू थेट मोजणाऱ्या त्वरक पद्धतीला (एएमएस) गव्हाचा एक दाणाही पुरतो.