रडणं सोडून दिलेली बाळं

रुमानियाची राजधानी बुखारेस्टमधल्या शिशुगृहात मेंदूशास्त्रज्ञ चार्ल्स नेल्सन यांना सर्वांत जास्त खटकली ती शांतता. खोलीभर बाळं होती, पण रडत कुणीच नव्हतं. रडलं तरी कुणी येत नाही, हे ती शिकून चुकली होती.

लोकसंख्या वाढवण्यासाठी हुकूमशहा चाउशेस्कूने १९६६ मध्ये रुमानियात गर्भपातावर बंदी आणली. ज्या घरांना पोसणं झेपेना, तिथली मुलं सरकारी संस्थांत आली. १९८९ मध्ये त्याची राजवट कोसळली तेव्हा ती लाखाहून जास्त होती. पुढच्या दहा वर्षांत संस्था थोड्या सुधारल्या. बाळांना वेळेवर दूध मिळे, लंगोट बदलले जात. पण एकेका दाईवर डझनभर मुलं, आणि पाळी बदलली की चेहराही बदले. आपलं म्हणावं असं माणूस त्यांना नव्हतं.

नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना यांनी तिथल्या १३६ मुलांचा अभ्यास केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून निम्मी मुलं प्रतिपालक कुटुंबांत, म्हणजे दत्तक न घेता मूल सांभाळणाऱ्या घरांत, पाठवली. बाकीची संस्थेत राहिली. त्यांना कुटुंब मिळालं तर अडवायचं नाही, असं आधीच ठरलं होतं.

घरी गेलेल्या मुलांची बुद्धी तर सुधारलीच, पण उंची आणि वजनही झपाट्याने वाढलं. सांभाळणारं माणूस जितकं मायेचं, तितकी ही वाढ चांगली. प्रेमाचा हाडांशी काय संबंध? मुलाची दीर्घकाळ हेळसांड झाली तर मेंदूतून वाढीचं संप्रेरक पुरेसं सुटत नाही, हे डॉक्टरांना ठाऊक आहे. मेंदूतल्या जोडण्याही बाळाच्या हुंकाराला कुणीतरी उत्तर दिल्याने पक्क्या होतात.

आपल्याकडे वाढदिवसाला अनाथाश्रमात जेवण देतात. ते जेवण हवंच. पण एका दिवसाच्या पन्नास पाहुण्यांपेक्षा रोज येणारी एकच मावशी त्या बाळाला जास्त मोलाची वाटते, असं मला हा अभ्यास वाचून ठामपणे म्हणावंसं वाटतं.

सगळंच मात्र भरून आलं नाही. डोक्याचा घेर फारसा वाढला नाही. साधारण दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी आठव्या वर्षी कधीच संस्थेत न राहिलेल्या मुलांसारख्या दिसल्या. उशिरा गेलेल्यांच्या नाहीत. भारतात २०१५ च्या बालन्याय कायद्यात प्रतिपालक कुटुंबाची तरतूद आहे, पण अशी कुटुंबं अजून फार थोडी आहेत.