फ्लॅटला ओल आली तर जबाबदार कोण? ठाणे-नवी मुंबईतल्या घरांच्या हमीची पार्श्वभूमी

आपल्याकडे तीन वेगळ्या गोष्टी ‘घराची वॉरंटी’ या एकाच नावाखाली येतात. एक, बिल्डरवर कायद्यानं टाकलेली जबाबदारी. दुसरी, घराचा विमा. तिसरी, एसी-गिझरपासून नळ आणि वायरिंगपर्यंतच्या दुरुस्तीचा वार्षिक प्लॅन. भर पावसात छतावर ओलीचा डाग उमटतो आणि माणूस या तिघांपैकी नेमका चुकीचा दरवाजा ठोठावतो. तिथून नकार येईपर्यंत बऱ्याचदा खऱ्या दाव्याची मुदत उलटून गेलेली असते.

दुरुस्तीचा प्लॅन ही मूळची अमेरिकेतली कल्पना. १९७१ मध्ये ‘अमेरिकन होम शील्ड’ या कंपनीनं ती तिथे रुजवली. वर्षाची फी भरायची, काही बिघडलं की कंपनी माणूस पाठवणार, प्रत्येक फेरीचे ठरलेले पैसे वेगळे. ही हमी यंत्रांची आणि पाइपांची असते, इमारतीची नाही. इमारतीच्या हमीची वाट ब्रिटननं वेगळी काढली. तिथे १९३६ मध्ये बिल्डरांची नोंदणी करणारी संस्था उभी राहिली आणि १९६५ पासून ती नव्या घरांना १० वर्षांचं संरक्षण देऊ लागली. आपल्याकडे इमारतीसाठी अशी योजना रुजली नाही. आपल्याकडे हमी आली ती थेट कायद्यातून.

१९६२ मध्ये राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि ठाण्यात वागळे इस्टेट उभी राहिली. कामगार, कारकून, फोरमन ठाण्यात घरं शोधू लागले. मुंबई आणि परिसरात भाड्याच्या खोलीची जागा मालकीचा फ्लॅट घेत होता, आणि बिल्डरवर अंकुश फारसा नव्हता. त्यातून १९६३ चा महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायदा आला, सगळे ज्याला ‘मोफा’ म्हणतात तो. बांधकामातला किंवा मालातला दोष ताबा मिळाल्यापासून ३ वर्षांत दाखवून दिला, तर शक्य असेल तिथे बिल्डरनं तो फुकट दुरुस्त करायचा, नाहीतर भरपाई द्यायची, अशी त्यातली तरतूद.

ही ३ वर्षं कमी का पडत, हे बाथरूमच्या फरशीखाली पाहिलं की कळतं. बाथरूमचा स्लॅब खाली दाबलेला असतो, त्या खोलगट भागात वॉटरप्रूफिंग करून वर भर घालतात आणि मग टाइल्स बसवतात. वॉटरप्रूफिंग कच्चं राहिलं तर पाणी आधी त्या भरीत मुरतं. टाइलवर बोटाच्या पेरानं टकटक केलं तर पोकळ आवाज येतो, पण तेवढ्यासाठी तक्रार कोण करणार? पुढे खालच्या फ्लॅटच्या छताचे पोपडे निघतात, स्लॅबमधली सळई गंजून फुगते आणि काँक्रीट उकलतं. एवढं व्हायला कित्येक पावसाळे जातात. दोष पहिल्या दिवसाचा असला तरी दिसतो तो मुदत संपल्यावर.

खाडीपलीकडे सिडको १९७० मध्ये स्थापन झाली आणि नवी मुंबईत सरकारी महामंडळच घरं बांधून देऊ लागलं. सिडको म्हणजेच हमी, असं मानून लोकांनी आयुष्यभराची बचत त्यात घातली. पुढे वाशीतल्या जेएन-१, जेएन-२ प्रकारच्या इमारतींत स्लॅबचे तुकडे पडू लागले, त्या धोकादायक ठरल्या आणि रहिवाशांची वर्षानुवर्षं पुनर्विकासाच्या मागणीत गेली. बांधणाऱ्याचं नाव मोठं असलं म्हणून काँक्रीट चांगलं असतंच असं नाही. वाशीकरांनी याची फार मोठी किंमत मोजली आहे.

दाद मागण्याची वाट सोपी झाली ती ग्राहक कायद्यामुळे. मूळ कायदा १९८६ चा, पण घरबांधणी ही ‘सेवा’ असल्याचं त्यात स्पष्टपणे आलं ते १९९३ मध्ये. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सरकारी गृहनिर्माण संस्थाही ग्राहकाला उत्तरदायी असल्याचं ठरवलं.

सगळ्यात मोठा बदल रेराचा, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर नियमन ठेवणाऱ्या केंद्रीय कायद्याचा. २०१६ च्या या कायद्याचं कलम १४(३) प्रत्येक फ्लॅटधारकानं मूळ शब्दांत वाचावं, असं मला कळकळीनं वाटतं. ताब्यापासून ५ वर्षांत रचनेतला, कारागिरीचा, दर्जाचा किंवा सेवांमधला दोष दाखवला, तर बिल्डरनं ३० दिवसांत पदरच्या खर्चानं तो दुरुस्त करायचा, नाहीतर भरपाई द्यायची. त्याची अंमलबजावणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचं, महारेराचं, काम मे २०१७ पासून सुरू झालं आणि तक्रार ऑनलाइन करता येऊ लागली. काही बिल्डर करारात या कलमाला पळवाटा जोडत, म्हणून दोषदायित्वाचं कलम बदलता येणार नाही, असंही महारेरानं बजावलं. घोडबंदर रोडच्या किंवा उलव्याच्या नव्या टॉवरमध्ये घर घेणाऱ्याकडे ही सर्वांत भक्कम हमी आहे, आणि तिचा वेगळा हप्ता नाही.

विम्याचं काम निराळं आहे. एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी मिळते. आग, पूर, भूकंप, दरड कोसळणं, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं हे त्यात बसतं. निकृष्ट बांधकाम आणि झीज बसत नाही. जमीन खचण्याच्या कलमातून नव्या इमारतीच्या नेहमीच्या भेगा आणि भराव टाकलेली जमीन दबणं वगळलेलं असतं. खाडीकाठी भरावावर घर असणाऱ्यांनी ते वाक्य दोनदा वाचावं.

मग विकतचा प्लॅन घ्यायचा का? नव्या घरात बांधकामासाठी त्यावर पैसे घालू नयेत, असं माझं ठाम मत आहे. जे बिल्डरनं फुकट करायचं, त्याचे पैसे आपण का द्यायचे? १०-१५ वर्षं जुन्या फ्लॅटमध्ये, विशेषतः आई-वडील एकटेच राहत असतील तर, तो उपयोगी पडू शकतो. पण घेण्याआधी आधीपासूनचा बिघाड, सुटे भाग, प्रत्येक फेरीचे पैसे, वर्षाची कमाल रक्कम आणि भिंतीतली पाइपलाइन याबद्दल काय लिहिलंय ते पाहावं. विक्रेता तोंडी काय सांगतो याला अर्थ नाही. गच्ची, बाहेरची भिंत, पाण्याची टाकी या दुरुस्त्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांनुसार, सोसायटीच्या खर्चात येतात, तर संडास-सिंकमधून घरात होणारी गळती सभासदाच्या. त्यामुळे प्लॅनमध्ये ‘गच्चीची गळती’ लिहिलेली दिसली, तर आधी सोसायटीच्या सचिवांना भेटावं.

ज्यांची ५ वर्षं अजून चालू आहेत त्यांनी चौथा पावसाळा सरताच सोसायटीतर्फे एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून पाहणी करून घ्यावी. डागांचे तारखेसह फोटो काढावेत आणि बिल्डरला लेखी नोटीस पाठवून पोच जपून ठेवावी. बिल्डरचा माणूस येऊन नुसता रंग मारून गेला, तर तेही पत्रात लिहावं.