पार्क आणि मार्कोस : दोघंही हुकूमशहाच, मग कोरियाच का पुढे गेला?

चहाच्या टपरीवर एक वाक्य ठरलेलं असतं, "देशाला दहा वर्षं हुकूमशहा पाहिजे, कोरिया बघा." म्हणजे दक्षिण कोरिया. बरं, बघू. पण मग फिलिपिन्सपण बघावा लागेल, तिथेही हुकूमशहाच होता की.

गल्लत होणं साहजिक आहे म्हणा. सप्टेंबर 1972 मध्ये फिलिपिन्सचा राष्ट्राध्यक्ष मार्कोसने मार्शल लॉ (लष्करी कायदा) लावला, पुढच्याच महिन्यात कोरियाची राजधानी सोलमध्ये तिथला राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-हीने पण तेच केलं, संसद गुंडाळली, विरोधक आत. 1960 ला तर फिलिपिन्सचं दरडोई उत्पन्न कोरियापेक्षा जास्त होतं!

फरक कळतो तो स्वस्त कर्ज कुणाला मिळायचं हे बघितल्यावर. पार्कने 1961 मध्ये इकॉनॉमिक प्लॅनिंग बोर्ड काढलं, योजना आणि बजेट दोन्ही त्यांच्याकडे, बँका सरकारच्या मुठीत, आणि कर्ज हवंय तर एक्स्पोर्टचा आकडा दाखव. दर महिन्याला एक्स्पोर्टची मीटिंग, पार्क स्वतः बसायचा, समोर मंत्री आणि कंपनीवाले. आता हा आकडा साहेबांची मर्जी सांभाळून फुगवणं अवघड, कारण पैसे परदेशातलं गिऱ्हाईक देतं. कोरियाची एक्स्पोर्ट 1964 ला 10 कोटी डॉलर, 1977 ला 1000 कोटी. मार्कोसकडे पण शिकलेले टेक्नोक्रॅट (तज्ज्ञ अधिकारी) होते हो, पण नारळाचा धंदा एका दोस्ताकडे, साखरेचा दुसऱ्याकडे, आणि नारळवाल्या शेतकऱ्यांकडून कापलेली लेव्ही (सक्तीची वसुली) जायची ती पण दोस्ताच्याच बँकेत. त्यात कोरियात जमीनदारी पार्कच्या आधीच, 1950 च्या सुमारास मोडली होती, फिलिपिन्समध्ये ती तशीच राहिली.

अणुभट्टीचंच घ्या. दोघांनी वेस्टिंगहाऊस या अमेरिकन कंपनीकडूनच घेतली. कोरियाची कोरी-1 1978 पासून 2017 पर्यंत चालली. फिलिपिन्समधली बाटानची भट्टी 200 कोटी डॉलरच्या वर खाऊन एक युनिट वीज न देता तशीच पडून राहिली, आणि लोक तिचं कर्ज 2007 पर्यंत फेडत बसले. 1984 आणि 85, दोन्ही वर्षी फिलिपिन्सची इकॉनॉमी साधारण 7-7 टक्क्यांनी आकसली.

पण म्हणून पार्कची आरती ओवाळायला नको. 1970 मध्ये सोलच्या कपडे बाजारातला चॉन ते-इल नावाचा 22 वर्षांचा कामगार लेबर लॉचं पुस्तक घेऊन आला आणि त्याने स्वतःला पेटवून घेतलं, कायदा होता पण पाळत कोण होतं? एक्स्पोर्ट मोजणारं सरकार कामाचे तास मोजत नव्हतं.

आणि टपरीवाल्यांसाठी एक, 1987 ला कोरियात राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूक परत आली, तरी 1988 ला ग्रोथ 10 टक्क्यांच्या वरच होती.