अ‍ॅबस्ट्रॅक्ट भरायला येताना: आधी नावं ठरवा, मग या

कॉन्फरन्सला अ‍ॅबस्ट्रॅक्ट, म्हणजे संशोधनाचा छोटा सारांश, ऑनलाइन पाठवायचे दिवस आले की आमच्या गंगापूर रोडवरच्या दुकानात एकच वाक्य ऐकू येतं, "मजकूर तयार आहे, अर्ध्या तासात सबमिट होईल ना?" आरोग्य विद्यापीठाच्या कॉलेजांतले पीजीचे डॉक्टर असोत, फार्मसीची मुलं असोत की शेतकी कॉलेजचे संशोधक, सगळ्यांना घाई असते आणि ती आम्हाला समजते. मजकूर खरोखर तयार असेल तर अर्ध्या तासात काम होतंही. वेळ जातो तो लेखकांच्या नावांवर. हे पत्रक मुख्यतः त्यासाठीच छापलं आहे.

कॉन्फरन्सच्या पोर्टलवर, म्हणजे अ‍ॅबस्ट्रॅक्ट भरायच्या वेबसाइटवर, प्रत्येक लेखकासाठी नाव, आडनाव, ईमेल, विभाग, संस्था, शहर असे वेगळे रकाने असतात. त्यांपैकी पेपर सादर कोण करणार, पत्रव्यवहार कोणाशी करायचा, हेही सांगावं लागतं. शेवटी 'सर्व लेखकांनी हा मजकूर वाचून मान्य केला आहे' यावर टिक करायची असते. आमच्याकडे नेमकं इथे काम अडतं. फॉर्म उघडा, मजकूर भरलेला, आणि मग फोन सुरू होतात: "सर, एचओडी मॅडमचं नाव दुसरं टाकू की शेवटी?" सर ओपीडीत असतात, फोन उचलत नाहीत. तेवढ्यात पोर्टल आपोआप लॉगआउट होतं, भरलेलं पुसलं जातं, मागे चार जण ताटकळत उभे असतात. बऱ्याच कॉन्फरन्सेसमध्ये मुदत संपल्यावर नाव वाढवता येत नाही आणि क्रमही बदलता येत नाही. प्रमाणपत्र आणि अ‍ॅबस्ट्रॅक्ट बुक यांत पोर्टलवर जे आहे तेच छापून येतं.

लेखक कोण, हे आम्ही सांगू शकत नाही आणि सांगणारही नाही. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती, जिला सगळे आयसीएमजेई म्हणतात, तिच्या चार अटी मात्र सांगून ठेवतो, कारण अनेक आयोजक त्यांचाच आधार घेतात. कामाची आखणी करण्यात किंवा माहिती गोळा करण्यात, तपासण्यात भरीव वाटा हवा. लिहिण्यात किंवा मजकूर सुधारण्यात हात हवा. अंतिम मसुद्याला मान्यता हवी. आणि उद्या कोणी प्रश्न विचारला तर उत्तर द्यायची तयारी हवी. या चारही अटी एकाच माणसाला लागू व्हायला हव्यात. ज्यांनी फक्त यंत्र वापरू दिलं किंवा नमुने आणून दिले, त्यांचे आभार पोस्टरवर जरूर माना. हा विषय आपल्या गाइडसमोर आधीच काढा. अवघड वाटतं, पण मुदतीच्या रात्री तो काढणं त्याहून अवघड असतं.

नाव कसं लिहायचं हेही ठरवून या. आपल्याकडे हजेरीपटापासून आडनाव आधी लिहायची सवय, त्यामुळे पहिल्या रकान्यात 'पाटील' जातं आणि आडनावाच्या जागी वडिलांच्या नावाचं अक्षर. पुढे तोच माणूस शोधयादीत दोन वेगळे लेखक म्हणून दिसतो. गीताचं स्पेलिंग डबल ई की आय, लग्नानंतरचं आडनाव लावायचं की आधीच्या पेपरांवरचं, हे ज्याचं त्याला विचारा. ऑर्किडचा, म्हणजे संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय ओळखनोंदणीचा, सोळा अंकी क्रमांक असेल तर तो लिहून आणा. नसेल तर फुकट काढता येतो, आम्ही बसून काढून देतो.

यासाठीच आमच्याकडे एक पानी फॉर्म आहे: क्रमवार नावं, ईमेल, संस्था, आणि खाली आपली सही. तो भरल्याशिवाय आम्ही पोर्टल उघडत नाही. काही जणांना ही कटकट वाटते. पण सबमिट झाल्यावर चूक निघाली तर दुरुस्ती आयोजकांच्या हातात असते, आमच्या नाही. फॉर्म व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा, गाइडला दाखवा, मग या.

आता मजकुराबद्दल. पोर्टलच्या चौकटीत वर्डमधून थेट पेस्ट करू नका. सिंबॉल फॉन्टमधला म्यू, म्हणजे मायक्रोचं ग्रीक चिन्ह, तिथे कधी रिकामा चौकोन होतो, तर कधी साधा इंग्रजी एम. मग 50 मायक्रोग्रॅमचे 50 मिलिग्रॅम होतात, म्हणजे हजारपट डोस! दहाचा सहावा घात पेस्ट केला की वरचा सहा खाली येतो आणि 106 उरतात. आम्ही प्रत्येक चिन्ह पोर्टलवर पुन्हा घालतो आणि प्रिव्ह्यूची प्रिंट काढून आपल्याकडून तपासून घेतो. ती प्रिंट नीट वाचा, नुसती सही करू नका.

मर्यादा शब्दांची आहे की अक्षरांची, रिकाम्या जागा धरून आहे का, शीर्षक त्यात येतं का, ही आयोजकांची सूचना सोबत आणा. छाटायचं असेल तर बहुतेक वेळा प्रस्तावनेत भरपूर जागा सापडते. द्राक्षावरच्या भुरी रोगाचा अ‍ॅबस्ट्रॅक्ट असला की निम्मा मजकूर नाशिकची द्राक्षं किती महत्त्वाची यावरच जातो. दोन वाक्यं पुरेत. उरलेली जागा पद्धतीला आणि निष्कर्षांना द्या. 'निष्कर्ष सादरीकरणात सांगू' असं लिहिलेला अ‍ॅबस्ट्रॅक्ट परीक्षक सहसा नाकारतात. आकडे द्या, नमुन्यांची संख्या द्या. एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरने पी व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही असा निकाल योगायोगाने येण्याची शक्यता) 0.000 दाखवली तर ती 0.001 पेक्षा कमी अशी लिहा, शून्य नव्हे. 60 पैकी 42 रुग्ण म्हणजे 70 टक्के, हा हिशोब आम्ही कॅल्क्युलेटरवर ताडून पाहतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही. आकडे मात्र आपलेच हवेत. रुग्णांवरच्या चाचणीला 15 जून 2009 पासून सीटीआरआय, म्हणजे भारतातल्या क्लिनिकल चाचण्यांच्या नोंदवहीत, नोंदणी सक्तीची आहे. तो क्रमांक आणि एथिक्स कमिटीचं पत्र मागितलं जाऊ शकतं, जवळ ठेवा.

मुदतीची वेळ कुठल्या देशाची, ते पाहा. मध्य युरोपातले रात्रीचे 11.59 म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात पहाटेचे 4.29 आणि उन्हाळ्यात 3.29. म्हणून कोणी "अजून रात्र आहे" म्हणतं, पण आमचं दुकान नऊला बंद होतं आणि शेवटच्या तासांत पोर्टलही रखडतं. दोन दिवस आधी या.

लॉगिन आपल्याच ईमेलने करायचं. आमच्या ईमेलवरून आम्ही कोणाचंही सबमिशन करत नाही, कारण निवड झाल्याचं पत्र त्याच पत्त्यावर येतं आणि ते आपल्याला वेळेत मिळायला हवं. ओटीपीसाठी फोन चार्ज करून आणा. सबमिशननंतर स्पॅम फोल्डरही बघत राहा.

निवड झाली की पोस्टर. बहुतेक ठिकाणी ए झिरो, म्हणजे 841 बाय 1189 मिलिमीटर लागतं, पण उभं की आडवं ते आयोजकांच्या मेलमध्ये वाचा. आमच्याकडे केलेल्या अ‍ॅबस्ट्रॅक्टची फाइल आणि नावांचा फॉर्म आम्ही जपून ठेवतो, त्यामुळे पोस्टरवर तीच नावं त्याच स्पेलिंगने येतात. रेल्वेने जाणार असाल तर कापडावर छापून घ्या. घडी घालून बॅगेत मावतं, नळी सांभाळावी लागत नाही.