काठी कोणत्या हातात?

उजव्या खुब्याचा सांधा बदलला, तर काठी कोणत्या हातात धरायची? ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या घरी आईला बघायला येणाऱ्या प्रत्येकाचं उत्तर एकच: उजव्या. दुखणं तिकडे, मग आधारही तिकडेच! फिजिओथेरपीच्या बाईंनी मात्र वॉकर सुटला त्या दिवशी काठी आईच्या डाव्या हातात दिली.

चालताना दर पावलाला क्षणभर आपण एकाच पायावर असतो. उजवा पाय टेकलेला असताना कंबर डावीकडे कलंडू पाहते. तिला सावरतो खुब्याच्या बाहेरच्या अंगाचा स्नायू. पण त्याची तरफ आखूड. तो सांध्यापासून जेमतेम ५ सेंटिमीटरवर ओढतो, वजन मात्र १० सेंटिमीटरवर लोंबतं. म्हणजे ओढ दुप्पट हवी. ६० किलोच्या माणसात टेकलेला पाय वजा केला, तर उरतात ५० किलो. स्नायूची ओढ १००, वरचं वजन ५०. सांध्यावर झाले दीडशे किलो, तेही सपाट रस्त्यावर! ब्रिटिश सर्जन जॉन चार्नली यांनी कृत्रिम खुब्यात, मांडीच्या हाडाचा गोळा फिरतो तिथे, बसवलेल्या टेफ्लॉनच्या वाट्या अशाच ओझ्याखाली काही वर्षांत झिजून गेल्या. १९६२ मध्ये त्यांनी पॉलिइथिलीनची वाटी वापरली, तेव्हा कुठे हे ऑपरेशन टिकाऊ झालं.

आता डाव्या हातातली काठी. ती सांध्यापासून अर्ध्या मीटरवर टेकते. तिच्यावर ५ किलो जोर दिला, की ढोबळ हिशेबाने स्नायूची ओढ ५० किलोंनी उतरते. वर्षानुवर्षं लंगडून तो आधीच थकलेला असतो. काठी उजव्या हातात घेतली, तर तरफेची ही लांबी मिळत नाही, वर त्या बाजूला झुकत चालायची खोड लागते.

आमच्याकडे लिफ्ट नाही. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि ऑपरेशनचा पाय आधी. शरीर उचलायचं आणि सावरत खाली सोडायचं काम दोन्ही वेळा चांगल्याच पायाकडे. मागच्या बाजूने ऑपरेशन झालं असेल, तर पहिले काही आठवडे मांडी, पाट आणि भारतीय संडास बंद, कारण खूप वाकलं की गोळा वाटीतून निसटू शकतो. किती दिवस, ते आपल्या सर्जनलाच विचारावं. पोटरी अचानक सुजली, दुखू लागली, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठायचा; रक्ताची गुठळी असू शकते.

दोन महिन्यांनी आई तलावपाळीवर गेली. समोरून एक आजोबा दुखऱ्या पायाच्याच हातात काठी धरून येत होते. आई थांबली.

“अहो, काठी त्या हातात घ्या.”

“पण दुखतो हा ना!”