धावरं, पेनिसिलिन आणि बोटांतल्या चिखल्या: पायाच्या एका जुन्या दुखण्याची पार्श्वभूमी

आमच्या अमळनेरकडे एखाद्याचा पाय लालभडक होऊन सुजला, हात लावला तर चटका बसतो आणि हुडहुडी भरून ताप आला की जुनी माणसं बघूनच सांगतात, "धावरं शे." डॉक्टर त्याला सेल्युलायटिस म्हणतात, आणि लाली कातडीच्या वरच्या थरात, कडा उठून दिसणारी असेल तर एरिसिपेलास. सकाळी घोट्याशी असलेली लाली संध्याकाळी पिंढरीवर चढलेली असते, म्हणून धावरं हे नाव अगदी फिट्ट बसतं. चरकसंहितेत चिकित्सास्थानाचा 21 वा अध्याय विसर्पावर आहे, त्या शब्दाचा अर्थही पसरत जाणारा असाच.

पूर्वी यावर गेरूचा लेप लावायचे. काहींचं आपोआप उतरायचं, काहींच्या रक्तात विष भिनून माणूस जायचा, आणि कोण वाचेल हे कोणालाच सांगता यायचं नाही. 1880 च्या दशकात जर्मनीत फेलायझेन यांनी या दुखण्यातला स्ट्रेप्टोकोकस जंतू वेगळा काढला, पण जंतू कळला तरी औषध यायला पुढे 50 वर्षं गेली. 1935 मध्ये जर्मनीतच डोमाक या संशोधकांनी प्रॉन्टोसिल हे औषध जाहीर केलं, मुळात तो कापड रंगवतात तसल्या जातीचा लाल रंग. त्याची पारख कशावर झाली तर याच धावऱ्यावर! ग्लासगोत 312 पेशंटवर ते वापरून अल्ट्राव्हायोलेट किरणांच्या तेव्हाच्या उपचाराशी तुलना केली, 1937 मध्ये ते छापून आलं आणि प्रॉन्टोसिल सरस ठरलं. मग पेनिसिलिन. 1941 मध्ये ऑक्सफर्डला एका पोलिसाला ते दिलं, तो सुधारत होता पण औषधच संपलं, त्याच्या लघवीतून परत काढून दिलं तरी पुरलं नाही आणि तो गेला. मला ही गोष्ट आठवली की आपण अर्धा डोस टाकून देतो त्याचं फार वाईट वाटतं. आपल्याकडे 1950 च्या दशकात पिंपरीच्या सरकारी कारखान्यात पेनिसिलिन बनायला लागलं.

आणि एक गोष्ट मला खरंच नवल वाटावी अशी आहे, की इतकी वर्षं झाली तरी धावऱ्याचा हा स्ट्रेप्टोकोकस साध्या पेनिसिलिनला अजून दाद देतो, पू धरणाऱ्या गळवांतल्या स्टॅफिलोकोकस (स्टॅफ) या दुसऱ्या जंतूने मात्र 1940 च्या दशकातच त्याला चुकवायला सुरुवात केली होती.

आता आमच्या नानांचं सांगतो. दोन वर्षांत तीनदा तोच डावा पाय. पहिल्या वेळी मेडिकलवरून विचारून गोळ्या आणल्या, दोन दिवसांत ताप उतरला म्हणून बाकीचं पाकीट देव्हाऱ्यामागे पडून राहिलं. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी सुजेकडे बघायच्या आधी पायाची बोटं फाकवली. शेवटच्या दोन बोटांच्या बेचक्यात पांढरी, भिजून फुगलेली कातडी, मधे लाल चीर, वास येत होता. चिखल्या! कपाशीला रात्रीची लाईट असते तेव्हा पाणी भरायला अनवाणी उभं राहायचं, पाय तासन् तास चिखलात, बुरशी धरते, चीर पडते आणि त्या चिरेतून जंतू आत. अँटिबायोटिकने आतला जंतू मरतो पण बुरशीला त्याचं काहीच होत नाही, दार उघडंच राहतं. त्यात प्रत्येक धावऱ्यात कातडीतल्या लसीकावाहिन्या, म्हणजे साचलेलं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या, थोड्या खराब होतात, सूज पूर्ण उतरत नाही आणि सुजलेल्या पायाला पुढचं धावरं लवकर धरतं.

2013 मध्ये ब्रिटन-आयर्लंडमधला एक अभ्यास आला, पुन्हा पुन्हा पाय धरणाऱ्यांना वर्षभर कमी डोसचं पेनिसिलिन दिलं, तेवढं वर्ष त्रास कमी झाला आणि गोळी बंद केल्यावर फायदाही हळूहळू ओसरला. 2020 मध्ये ऑस्ट्रेलियातून दुसरा आला, सुजलेल्या पायाला घट्ट मोजे किंवा पट्टी बांधणाऱ्यांचं धावरं बरंच कमी उलटलं.

दोन्ही पाय एकदम लाल असतील, ताप नसेल, तर बहुतेक वेळा ते धावरं नसतंच, फुगलेल्या शिरांमुळे रक्त खाली साचून कातडी लाल-काळी पडते, आणि तिथेही लोक अँटिबायोटिक खात बसतात. शुगर असेल तर मात्र अंदाज बांधत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.

नानांनी गोळ्यांचा कोर्स पूर्ण केला, बुरशीचं मलम लावलं, बुरशीला उलट वाढवणारं घरातलं स्टिरॉइडचं क्रीम फेकलं, गमबूट आणले. आता शेतातून आले की ओट्यावर बसून जुन्या धोतराच्या फडक्याने एकेक बेचकं कोरडं करतात, नातू बॅटरी धरतो.