सोनोग्राफी झालीय, पण कोणती?

माझ्या धाकट्या बहिणीला एंडोमेट्रिओसिस आहे, म्हणजे गर्भपिशवीच्या अस्तरासारखं अस्तर गर्भपिशवीच्या बाहेर वाढतं. तिच्या फाइलीत दोन सोनोग्राफी रिपोर्ट आहेत. पहिला अर्ध्या पानाचा: गर्भपिशवी नॉर्मल, डाव्या बीजांडकोशात चॉकलेट सिस्ट (या आजारातली जुन्या रक्ताने भरलेली गाठ). दुसरा दोन पानी, दुर्बिणीच्या ऑपरेशनआधी नाशिकला कॉलेज रोडवर करून घेतलेला. त्यासाठी निफाडहून निघालो तेव्हा आई म्हणाली, “अगं, सोनोग्राफी तर झालीय, पुन्हा पैसे कशाला?” तिचं चुकलं नव्हतं. नाव एकच आहे ना.

नेहमीची सोनोग्राफी बहुतेकदा लघवी भरून, पोटावरून होते. गर्भपिशवीचा आकार, अस्तराची जाडी, बीजांडकोशातली गाठ एवढं ती बघते आणि तेवढ्यासाठी ती चांगलीच आहे. पण एंडोमेट्रिओसिस वाढला की अवयव एकमेकांना चिकटतात. ते नुसत्या मापांतून कळत नाही.

दुसरी तपासणी आतून, म्हणजे योनीमार्गातून होते आणि तिच्यात अवयव हलवून बघतात. मी शेजारीच उभी होते. डॉक्टरांनी प्रोब (सोनोग्राफीची दांडी) हलकेच पुढे दाबला, दुसरा हात ओटीपोटावर ठेवला आणि म्हणाल्या, “बघा, गर्भपिशवीच्या मागे आतडं अलगद सरकायला हवं. हे तिच्यासोबतच ओढलं जातंय.” याला स्लायडिंग साइन म्हणतात, न सरकणं म्हणजे मागची जागा चिकटलेली. नेमकं कुठे दाबल्यावर दुखतं, तेही त्या विचारत होत्या. मग मूत्राशय, गर्भपिशवीमागचे बंध, गुदाशयाची भिंत आणि शेवटी दोन्ही किडन्या. मूत्रवाहिनीवर दाब आला तर किडनी काहीही न दुखता सुजू शकते, हे मला तिथेच कळलं.

ही तपासणीही सगळं पकडत नाही. पोटाच्या आतल्या पडद्यावरचे एंडोमेट्रिओसिसचे वरवरचे ठिपके तिला सहसा दिसत नाहीत, म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला तरी दुखणं खोटं ठरत नाही. करणाऱ्याचा हात त्यात तयार असावा लागतो. आतून तपासणी शक्य नसेल तर एमआरआयचा पर्याय असतो.

चिठ्ठीवर नुसतं ‘सोनोग्राफी’ असेल तर डॉक्टरांना विचारा, “एंडोमेट्रिओसिससाठीची, आतून करायची लिहून देता का?” पाळीत शौचाला दुखतं, संबंधांच्या वेळी दुखतं, हे न लाजता सांगा.

बहिणीच्या रिपोर्टमध्ये आतड्यावरच्या गाठीची लांबी आणि गुदद्वारापासूनचं अंतर लिहिलेलं होतं. त्यामुळे ऑपरेशनच्या दिवशी आतड्याचे सर्जन सकाळपासूनच थिएटरमध्ये होते.